शेपटीचं काळं टोक

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होनोलुलूच्या अडतिसाव्या धक्क्यावर लाल माशाचा भाव चढतो. हवाई बेटांवर जपानी वंशाची मोठी वस्ती आहे. नव्या वर्षाच्या ताटात लाल मासा असणं त्यांच्यात शुभ मानलं जातं आणि ही चाल आता बेटांवरच्या इतरांनीही उचलली आहे. इथला मासळीचा लिलाव १९५२ पासून चालू आहे. भल्या पहाटे, बर्फगार शेडमध्ये, मोठे मासे एकेक करून मांडलेले असतात आणि गिऱ्हाइकांचा घोळका लिलाव करणाऱ्यासोबत एका माशावरून पुढच्या माशाकडे सरकत जातो.

या दिवसांत सगळ्यांची नजर दोन लाल माशांवर असते : ओनागा आणि एहू. दोघांचे डोळे मोठे, दोघांची कातडी लाल-गुलाबी, पोटाकडे रुपेरी. दोघेही समुद्राच्या २०० ते ४०० मीटर खोलीवरून, तळाला टेकलेल्या वजनाच्या दोरीवर, ओळीनं बांधलेल्या गळांना लागून वर आलेले. हे मासे ओळखायचे कसे आणि त्यांचं आयुष्य कसं चालतं, या प्रश्नामागे अभ्यासकांची कित्येक वर्षं गेली. त्यात एका मोठ्या माशाला २०२१ पर्यंत स्वतःचं शास्त्रीय नावच नव्हतं. तो बाजारात विकला जात होता, परदेशी निर्यात होत होता, सरकारी दप्तरात त्याची नोंद होत होती, पण दुसऱ्याच माशाच्या नावानं.

हे मासे स्नॅपरच्या कुळातले. आपल्या कोकणात तांबोशी म्हणून जो मासा येतो, तोही याच कुळातला, लुट्यानस गटातला. तांबोशी खडपाच्या आसऱ्यानं राहते, उथळ पाण्यात येते, जाळ्यात आणि गळाला दोन्हीला मिळते. एटेलिस हा गट मात्र खोल उतारांवरचा. बेटांच्या बुडाशी जिथे जमीन एकदम खाली उतरते किंवा समुद्रात बुडालेल्या पर्वतांचे कडे असतात, तिथे त्याचं घर. हवाईत खोल पाण्यातल्या अशा सात माशांचा एक गट धरतात आणि त्याला ‘डीप सेव्हन’ म्हणतात : ओनागा, एहू, ओपाकापाका, कालेकाले, गिंदाई, लेही हे सहा स्नॅपर आणि हापुउपुउ हा गोब्रा-हेकरूंच्या कुळातला सातवा. सरकारी नियम, वर्षाला किती पकडायचं याची मर्यादा, सगळं या सातांना मिळून लागू होतं.

मासा हातात आला की आधी पाठीवरचा पर पाहायचा. एटेलिसच्या पाठीवरच्या पराचा पुढचा भाग कडक काट्यांचा आणि मागचा मऊ असतो, आणि या दोन भागांच्या मध्ये पर इतका खोल कापलेला असतो की एकाऐवजी दोन पर असावेत असं वाटतं. ओपाकापाका, कालेकाले आणि गिंदाई हे प्रिस्टिपोमॉइडिस गटातले. त्यांच्या परात ती खाच नसते, उलट पराचा शेवटचा मऊ काटा दोऱ्यासारखा लांबलेला असतो. गिंदाईच्या अंगावर पिवळे तिरपे पट्टे असतात, त्यामुळे तो चुकायचा संभव नाही. लेहीचा जबडा मोठा, अंग काहीसं चंदेरी-जांभळट. एवढं पाहिलं की गट ठरला. मग एटेलिसमध्ये ओनागा की एहू, हे शेपटी सांगते. ओनागाच्या शेपटीची पाती, विशेषतः वरचं, लांबच लांब निघालेली असतात. एहूची शेपटी दुभंगलेली, पण आखूड. हवाईतले मूळ रहिवासी ओनागाला ज्या पक्ष्याच्या नावानं ओळखतात, तो लांब शेपटीचा, समुद्रावर उडणारा ट्रॉपिकबर्ड. आणि हजारो किलोमीटर दूर टोंगाचे कोळीही त्याला ‘पालू तवाके’ म्हणतात, तवाके म्हणजे तोच पक्षी. समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसांनी मासा शेपटीवरून ओळखला होता. नंतर शास्त्रज्ञांचा गुंता सुटायलाही शेपटीच उपयोगी पडली, पण त्याला फार वेळ लागला.

एहूचं शास्त्रीय नाव एटेलिस कार्बन्क्युलस. हे नाव फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी १८२८ मध्ये दिलं. मासा हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरून पॅरिसच्या संग्रहालयात आलेला होता. पुढे १९०३ मध्ये ऑलिव्हर जेंकिन्स यांनी हवाईतल्या एहूला वेगळी जात समजून ‘मार्शी’ हे नाव दिलं. नंतरच्या अभ्यासकांना दोन्ही एकच वाटले आणि ‘मार्शी’ नाव मागे पडलं. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून हवाईपर्यंत एकच कार्बन्क्युलस, असं पुस्तकांत पक्कं झालं.

या पक्केपणात एक गोष्ट खटकणारी होती. हवाईतला एहू साधारण ६० सेंटिमीटरच्या पुढे क्वचितच जातो. मात्र टोंगा, फिजी, न्यू कॅलेडोनियाच्या बाजूला याच नावाचा मासा मीटरभराहून लांब भरत होता, वजनाला ३० किलोच्या घरात जात होता. जागा बदलली की वाढ बदलते, अन्न बदललं की आकार बदलतो, असं म्हणून अशा फरकाची सोय लावता येते. ती काही काळ लावलीही गेली.

त्याच काळात दक्षिण पॅसिफिकमध्ये या माशांची पकड वाढत होती. १९७४ पासून साउथ पॅसिफिक कमिशननं बेटाबेटांवर अनुभवी मासेमार पाठवून खोल पाण्यातली गळाची मासेमारी शिकवायला सुरुवात केली. लाकडी हातरहाट, लांब दोरी, खाली वजन, वर ओळीनं गळ; छोट्या होडीला परवडेल एवढंच सामान. टोंगाच्या कोळ्यांनी हे उचललं आणि बुडालेल्या पर्वतांच्या माथ्यांवर जाऊन ते मासे काढू लागले. चांगला माल विमानानं होनोलुलूलाही जाऊ लागला. म्हणजे लिलावाच्या शेडमध्ये हवाईचा एहू आणि टोंगाचा ‘एहू’ शेजारी शेजारी पडत होते आणि एकाच नावानं विकले जात होते.

अभ्यासकांनी मासे जवळून मोजायला घेतले तेव्हा एका नावाखालचे दोन ढीग वेगळे होऊ लागले. मोठ्या माशाच्या शेपटीच्या वरच्या पात्याचं टोक काळं. छोट्याचं टोक अंगासारखंच लाल. कल्ल्यांच्या झाकणावरच्या काट्याच्या घडणीत फरक. डोक्याची आणि शरीराची मापं एकमेकांशी ताडली की आणखी फरक. आणि माशाच्या डोक्यात जो पांढरा कडक खडा असतो, त्याचा आकारही वेगळा. २०१४ मध्ये कोरी वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की नुसत्या खड्याच्या मापांवरून हे दोन मासे खात्रीनं वेगळे काढता येतात. हे काम मला फार मोलाचं वाटतं. काळं टोक ताज्या माशावर दिसतं; मासा कापला, विकला, खाल्ला की ते गेलं. खडा मात्र पाकिटात वर्षानुवर्षं टिकतो. त्यामुळे पूर्वी वय मोजण्यासाठी काढून ठेवलेले खडे पुन्हा बाहेर काढून, कुठला कोणाचा हे ठरवणं शक्य झालं.

२०१६ मध्ये किंबर्ली अँड्र्यूज, ॲशली विल्यम्स, ब्रायन बोवेन आदींनी एटेलिस गटाच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांत मिळून ‘कार्बन्क्युलस’ नावाखाली दोन स्वतंत्र जाती आहेत, एकाच पाण्यात राहतात तरी मिसळत नाहीत, हे त्यात स्पष्ट झालं. जाता जाता त्यात आणखी एक गोष्ट निघाली : अटलांटिकमधला या गटातला मासा फार जुना नाही; हिमयुगांच्या काळात, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबानं अगदी अलीकडे, हिंदी-पॅसिफिक बाजूच्या पूर्वजांपासून तो तिकडे पोचला.

दोन जाती आहेत हे ठरलं, पण नाव कोणाचं? प्राणिशास्त्रात नावाचा हक्क लोकप्रियतेवर ठरत नाही, ज्या नमुन्यावर पहिलं वर्णन लिहिलं त्या नमुन्यावर ठरतो. सुरुवातीला काही अभ्यासकांनी मोठ्याला कार्बन्क्युलस आणि छोट्याला जेंकिन्स यांचं जुनं ‘मार्शी’ असं म्हणायला सुरुवात केली होती. पण क्युव्हिए यांचा सेशेल्सचा मासा छोट्या जातीचा निघाला. म्हणजे कार्बन्क्युलस हे नाव छोट्याचंच. मार्शी पुन्हा त्याच्यात विलीन झालं. आणि मोठा मासा बिननावाचा राहिला.

२०२१ मध्ये ‘जर्नल ऑफ फिश बायॉलॉजी’त त्याचं रीतसर वर्णन आलं : एटेलिस बोवेनाय. ब्रायन बोवेन यांचं नाव त्याला दिलं गेलं. वर्णन करणाऱ्यांत किंबर्ली अँड्र्यूज, इरिया फर्नांडेझ-सिल्व्हा, शुआन-चिंग हो आणि जॉन रँडल. रँडल हे हवाईतल्या बिशप म्युझियमचे, प्रवाळातल्या माशांचे जगातले सर्वांत मोठे जाणकार. आठशेहून अधिक जातींचं त्यांनी वर्णन केलं. एप्रिल २०२०मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. हा निबंध त्यांच्या मागे छापला गेला.

या उलटापालटीचा एक परिणाम वाचणाऱ्याला सांभाळावा लागतो. मधल्या काही वर्षांच्या निबंधांत ‘कार्बन्क्युलस’ लिहिलं असेल तर तो आजचा बोवेनाय असू शकतो, आणि ‘मार्शी’ लिहिलं असेल तर तो आजचा कार्बन्क्युलस. त्याआधीच्या कागदांत तर दोन्ही एकत्र. आकडा बरोबर, मासा चुकीचा, असं होण्याची इथे पुरेपूर सोय आहे.

नावाचा एवढा घोळ कशासाठी निस्तरायचा, ताटात तर दोन्ही चांगले लागतात, असं कुणी म्हणेल. याचं उत्तर वाढीच्या हिशेबात आहे. मासे किती पकडायचे हे ठरवताना दोन गोष्टी लागतात : मासा किती वर्षांचा होतो आणि मादी कितव्या वर्षी, केवढी झाल्यावर पहिल्यांदा अंडी घालते. छोट्या जातीचा ५० सेंटिमीटरचा मासा पूर्ण वाढलेला, अंडी घालून चुकलेला असतो. मोठ्या जातीचा तेवढाच मासा अजून पोर असतो. दोघांना एका नावाखाली धरलं की ५० सेंटिमीटरचा सगळा माल प्रौढ आहे असा समज होतो आणि मोठ्या जातीची पोरं अंडी घालण्याआधीच बर्फात जातात. हवाईचे अभ्यासक या बाबतीत सुदैवी, कारण त्यांच्या पाण्यात छोटी जातच आहे. टोंगाच्या बाजूला दोन्ही. हवाईत एहूवर झालेलं काम उचलून टोंगाच्या मोठ्या माशाला लावणं म्हणजे वेगळ्याच प्राण्याच्या आयुष्यावर आपले नियम बेतणं.

या खोलीवर मासा जगतो कसा, ते आता पाहू. तिथे सूर्यप्रकाशातला लाल भाग पोचतच नाही, तो वरच्या काही मीटरांतच पाण्यात विरतो. जो लाल मासा बाजारात दुरून उठून दिसतो, तो स्वतःच्या घरी काळपट, जवळजवळ अदृश्य असतो. डोळे मोठे, कारण उरलेला निळा अंधुक उजेड तेवढाच गोळा करायचा असतो. एहूचं खाणं मासे, कोळंबीसारखे कवचधारी, माकूल. ओपाकापाका पाण्यात तरंगणाऱ्या पारदर्शक जिवांवरही पोट भरतो आणि रात्री उथळाकडे सरकतो.

ओपाकापाकाची पिल्लं राहतात कुठे, हे बराच काळ कोडं होतं. प्रौढ मासे खडकाळ कड्यांवर राहतात, तेव्हा पिल्लंही तिथेच कुठेतरी दडलेली असणार, असं कुणालाही वाटेल. ती सापडली ओआहू बेटाच्या कानेओहे उपसागराबाहेर, ६५ ते १०० मीटर खोलीवर, सपाट, मऊ, काही आडोसा नसलेल्या तळावर. जिथे कोणी खडकातला मासा शोधायला जाणार नाही, नेमकी तीच त्यांची पहिली शाळा. तिथून वाढली की ती कड्यांकडे जातात. मादी ४० सेंटिमीटरच्या आसपास झाली की अंडी घालायला लागते, नर त्याहून थोडा लहान असतानाच वयात येतो. अंडी आणि त्यातून निघालेली पिल्लं आधी मोकळ्या पाण्यात प्रवाहासोबत वाहत असतात.

खोलीमुळे आणखी एक अडचण येते आणि तिचा नियमांशी सरळ संबंध आहे. ३०० मीटरवर दाब वातावरणाच्या तीसपट. तिथून मासा वर ओढला की पोटातली हवेची पिशवी फुगत जाते, जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे फुगतात. लहान मासा मिळाला तर सोडून द्या, हा उथळ पाण्यातला सोपा नियम इथे चालत नाही. सोडलेला मासा पृष्ठभागावर उताणा तरंगत मरतो. काही मासेमार त्याला वजन लावून पुन्हा खोल सोडतात, त्यानं काही वाचतात. पण खरा निर्णय गळ पाण्यात जाण्याआधीच घ्यावा लागतो : कुठे टाकायचा आणि कुठे नाही. म्हणूनच हवाई राज्यानं १९९८ मध्ये तळाच्या मासेमारीला बंदी असलेली १९ क्षेत्रं आखली, २००७ मध्ये ती बदलून १२ केली, आणि २०१९ पासून टप्प्याटप्प्यानं पुन्हा खुली केली. आता पकडीवर वार्षिक मर्यादा असते. मासे मोजण्यासाठी कॅमेरेही समुद्रात सोडले जातात : दोन भिंगांचा, आमिष लावलेला, दिवा न लावता अंधुक उजेडातच चालणारा संच. दोन भिंगांमुळे माशाची लांबी न पकडता मोजता येते. मला हे तंत्र फार आवडतं, कारण मोजण्यासाठी मासा मारावा लागत नाही.

पण वय कॅमेऱ्यात दिसत नाही. त्यासाठी पुन्हा खडाच.

घोळ किंवा ढोमा खाताना डोक्यात पांढरा कडक खडा लागतो, तो माहीत नसलेलं कोकणी घर विरळंच. प्रत्येक हाडाच्या माशाला असे खडे असतात. तोल सांभाळायला आणि ऐकायला ते लागतात. खडा आयुष्यभर वाढत राहतो, थरावर थर चढतो. थंड प्रदेशातल्या माशांत हे थर वर्षावर्षानं स्वच्छ मोजता येतात. उष्ण कटिबंधात ऋतूंचा फरक कमी, म्हणून थर पुसट. ओपाकापाकाचं वय १९८० च्या दशकात खड्यातले रोजचे बारीक थर मोजून काढलं गेलं आणि तो साधारण १८ वर्षं जगतो असं ठरलं. जुन्या माशांत कडेचे थर इतके दाट की मोजणाऱ्याला ते दिसतच नव्हते.

खरं वय कळलं ते एका भयंकर गोष्टीमुळे. १९५० आणि ६०च्या दशकांत हवेत अणुबॉम्बचे स्फोट झाले, त्यांतले कितीतरी पॅसिफिकमध्येच. ८ जुलै १९६२च्या रात्री जॉन्स्टन बेटावरून सोडलेला बॉम्ब ४०० किलोमीटर उंचीवर फुटला आणि चौदाशे किलोमीटर दूर होनोलुलूचं आकाश उजळून निघालं. ओआहूवरचे रस्त्यातले काही दिवे विझले. पुढच्या वर्षी हवेतल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला. पण तोपर्यंत स्फोटांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला होता. तो समुद्रात उतरला, प्रवाळांत साठला आणि त्या वर्षांत जन्मलेल्या माशांच्या खड्यांच्या गाभ्यातही बसला. गाभा म्हणजे माशाच्या पहिल्या वर्षाचा थर, तो पुढे बदलत नाही. हवाईच्या प्रवाळांत वर्षवार किती कार्बन-१४ आहे हे ठाऊक असल्यानं, खड्याच्या गाभ्यातलं प्रमाण त्याच्याशी ताडलं की जन्माचं वर्ष निघतं. ही पद्धत पहिल्यांदा जॉन कॅलिश यांनी १९९३ मध्ये न्यूझीलंडच्या माशांवर वापरली होती.

ॲलन अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांनी ती ओपाकापाकावर वापरली, जोडीला शिसं आणि रेडियम यांच्या प्रमाणावरूनही वय तपासलं, आणि २०१२ मध्ये निकाल छापला : ओपाकापाका ४० वर्षांहून अधिक जगतो. अठरा नव्हे. दुपटीहून जास्त. ज्या माशाला आपण पटकन वाढणारा, पटकन भरून येणारा समजत होतो, तो माणसाच्या अर्ध्या आयुष्याइतका जगणारा निघाला. मोठ्या माद्या म्हणजे वर्षामागून वर्षं अंडी घालत आलेल्या म्हाताऱ्या; त्यांतली एक काढली की तिची जागा भरायला नव्या मादीला तितकीच वर्षं द्यावी लागतात.

सातही माशांना एका गोळाबेरजेत धरण्याची पद्धत मला पटत नाही. त्यात सर्वाधिक पकड ओपाकापाकाची, त्यामुळे बेरीज त्याच्याकडे झुकते आणि ओनागा किंवा एहू कमी होत असला तरी ते आकड्यात उमटायला वेळ लागतो. बंदरावर उतरलेल्या मालाची नोंद जातवार होतच असते. हिशेबही तितकाच वेगळा व्हायला हवा, निदान ओनागा आणि एहू यांचा तरी.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. एटेलिस कार्बन्क्युलसच्या नोंदी अंदमान-निकोबारकडच्या आपल्या पाण्यातूनही आहेत, आणि खोल समुद्रातल्या मासळीचं देशभरचं सर्वेक्षण करणाऱ्या फिशरी सर्व्हे ऑफ इंडियाचं मुख्यालय मुंबईतच आहे. बोवेनाय तांबड्या समुद्रापासून सामोआपर्यंत पसरलेला आहे, म्हणजे हिंदी महासागर त्याच्या वाटेतच येतो. तेव्हा २०२१ पूर्वी या समुद्रात कार्बन्क्युलस म्हणून लिहिलेली प्रत्येक नोंद आज पुन्हा उघडून पाहायला हवी. जिथे माशाचा रंगीत फोटो आहे, तिथे शेपटी पाहून काम होईल. जिथे डोक्यातला खडा पाकिटात जपलेला आहे, तिथे मोजून होईल. जिथे ऊतीचा तुकडा स्पिरिटमध्ये ठेवलेला आहे, तिथे डीएनए आहेच. आणि जिथे नुसतं नाव, लांबी आणि वजन लिहून मासा विकला गेला, तिथे तो आकडा कुठल्या माशाचा, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.